फोटोतला मासा संगणक कसा शोधतो? बंदीच्या दिवसांतला एक धडा



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे दिवस. होड्या वर काढल्या आहेत, जाळ्यांची डागडुजी चालू आहे. हात कामात असले तरी डोक्याला थोडी फुरसत मिळते, म्हणून आजचा धडा जरा मोठा घेतलाय. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत वाचा. मधली गणितं मात्र सोडू नका. लिलावात उभ्या उभ्या हिशेब करणाऱ्याला ती अजिबात जड नाहीत.

हल्ली जेटीवर एक विषय वारंवार निघतो. "आता म्हणे कॅमेराच मासे मोजणार." "फोटो काढला की मोबाइल जात सांगणार." "लहान मासा आणला की मशीन पकडणार." कोणी म्हणतं हा चमत्कार आहे, कोणी म्हणतं सगळं बंडल. नीट समजून घेतलं तर दोन्ही म्हणावं लागत नाही. हे यंत्र काही गोष्टी चांगल्या करतं, काही ठिकाणी हमखास चुकतं, आणि कुठे चुकतं ते आधीच सांगता येतं. ज्याला ते सांगता येतं, त्याला कोणी "मशीन म्हणतंय म्हणजे खरंच" असं सांगून गप्प बसवू शकत नाही.

१. प्रश्न एक नाही, तीन आहेत

समजा एका क्रेटचा फोटो आहे. त्यात बांगडे आहेत, मध्येच दोन-चार तारल्या आहेत, कोपऱ्यात एक कुर्ली, वर बर्फ, आणि एका खलाशाचा हात. या फोटोवर तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात.

पहिला: फोटोत काय आहे? उत्तर: बांगडा. म्हणजे पूर्ण फोटोला एकच नाव.

दुसरा: काय आहे आणि कुठे कुठे आहे? उत्तर: प्रत्येक माशाभोवती एक चौकट आणि प्रत्येक चौकटीला नाव. इथे बांगडा, इथे बांगडा, इथे तारली, तिथे कुर्ली.

तिसरा: प्रत्येक माशाची नेमकी कडा कुठून कुठे जाते? उत्तर: चौकटीऐवजी माशाच्या आकाराचीच रेघ.

आजचा धडा दुसऱ्या प्रश्नाचा आहे. मोजणी, जात ओळखणं, जाळ्यात कासव आलं का हे बघणं, या सगळ्याची सुरुवात "कुठे आहे" यापासून होते. जागा सापडली नाही तर पुढचं काहीच होत नाही.

चौकट म्हणजे संगणकासाठी फक्त चार आकडे. डावीकडून किती अंतरावर सुरू होते, वरून किती अंतरावर सुरू होते, रुंदी किती, उंची किती. जाळं टाकल्यावर जागा लक्षात ठेवायला आपण दोन आकडे नोंदवतो. इथे चार.

२. संगणकाला फोटो दिसतो तरी कसा?

त्याला फोटो दिसत नाही. त्याला आकडे दिसतात.

मोबाइलचा फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. ४,००० ठिपके आडवे आणि ३,००० उभे असा फोटो घेतला तर झाले १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. म्हणजे एका फोटोत ३ कोटी ६० लाख आकडे.

आपण क्रेटकडे बघतो आणि अर्ध्या क्षणात "बांगडा" म्हणतो, कारण लहानपणापासून हजारो पाट्या बघितल्या आहेत. यंत्राला त्या आकड्यांच्या ढिगातून काढायचं असतं की हा चकाकणारा पट्टा बांगड्याच्या पाठीचा आहे, बर्फाचा नाही.

आणि खऱ्या जागचा फोटो कधी सरळ नसतो. पुस्तकातला मासा पांढऱ्या कागदावर एकटा, आडवा, डोकं डावीकडे. डेकवरचा मासा ओला, चमकणारा, दुसऱ्याच्या खाली दबलेला, अर्धा बर्फात, शेपटी जाळ्यात अडकलेली. सकाळचं ऊन वेगळं, रात्रीच्या बल्बचा पिवळा उजेड वेगळा. कॅमेऱ्याच्या काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब. या सगळ्यात मासा तोच, पण आकडे पूर्ण बदलतात. अडचण इथेच आहे.

३. शोधायच्या पद्धती कशा बदलत गेल्या

आधी साधी पद्धत होती. एक छोटी खिडकी घ्यायची, फोटोवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकवत न्यायची, आणि प्रत्येक जागी विचारायचं, "इथे आहे का?" मग खिडकी मोठी करून पुन्हा पहिल्यापासून. २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी याच धर्तीवर माणसाचा चेहरा शोधायची वेगवान पद्धत दिली. चेहऱ्यावर डोळ्यांचा पट्टा काळसर आणि खालचा गालांचा पट्टा उजळ असतो, अशा उजेड-काळोखाच्या साध्या खुणा त्यात तपासल्या जात. जिथे पहिल्याच खुणा जुळत नाहीत ती जागा लगेच सोडायची, त्यामुळे वेळ वाचे. चेहरा समोरून घेतलेला असला की पद्धत चांगली चाले. पण माशाला समोर-मागे असं ठरलेलं काही नाही. तो कसाही पडतो.

पुढे २०१४ मध्ये रॉस गर्शिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आर-सीएनएन पद्धत आली. तिच्यात आधी फोटोतल्या साधारण २,००० "संशयित जागा" निवडायच्या आणि प्रत्येक जागा शिकवलेल्या यंत्राला दाखवून नाव विचारायचं. उत्तरं पुष्कळ सुधारली, पण एका फोटोला बराच वेळ लागे. लिलाव संपून जाईल, यंत्राचं उत्तर येईपर्यंत. त्यामुळे २०१५ पर्यंत हीच पद्धत बरीच वेगवान करून नव्या रूपात आणली गेली.

त्याच सुमारास जोसेफ रेडमन आणि सहकाऱ्यांनी 'योलो' आणली. नावाचा अर्थच असा की फोटो एकदाच बघायचा. फोटोवर ७ आडव्या आणि ७ उभ्या चौकोनांची जाळी टाकायची. ज्या चौकोनात वस्तूचा मध्य पडतो, त्या चौकोनाने त्या वस्तूची जबाबदारी घ्यायची. सगळे चौकोन एकाच वेळी उत्तर देतात. त्यामुळे सेकंदाला ४५ चित्रं, म्हणजे चालू व्हिडिओसुद्धा बघता येऊ लागला.

आता इथे जरा थांबून हिशेब करू. पहिल्या योलोत ७ × ७ = ४९ चौकोन. प्रत्येक चौकोन जास्तीत जास्त २ चौकटी सुचवणार, आणि त्या दोन्हींना मिळून नाव एकच. म्हणजे पूर्ण फोटोत जास्तीत जास्त ९८ चौकटी. आपल्या तारल्यांच्या क्रेटमध्ये शेकड्यांनी मासे. मग मोजणी बरोबर येईल कशी? जाळ्याचे आसच इतके मोठे की बारीक मासा निसटणारच. ही पद्धत करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं की थव्यातल्या पक्ष्यांसारख्या लहान, एकमेकांना चिकटलेल्या वस्तूंमध्ये ती कमी पडते. नंतरच्या पद्धतींनी जाळी बारीक केली, लहान वस्तूंसाठी वेगळी सोय केली. तरी ढीग हा आजही सगळ्या यंत्रांचा कच्चा दुवा आहे.

अजून एक गोष्ट. वेगासाठी फोटो आधी लहान करतात. पहिली योलो फोटो ४४८ ठिपके रुंद करून घेत असे. आपला ४,००० ठिपक्यांचा फोटो जवळजवळ नऊपट लहान झाला. मूळ फोटोत १८० ठिपके लांब असलेली तारली आता जेमतेम २० ठिपक्यांची उरली. तेवढ्यात डोळा, कल्ला, ठिपके काय दिसणार? म्हणून कोणी "आमचा कॅमेरा फार भारी आहे" म्हणालं, तर विचारायचं, "यंत्राला देताना फोटो किती लहान करता?"

४. यंत्र शिकतं कोणाकडून?

माणसाकडून. हजारो फोटो घ्यायचे, प्रत्येकातल्या प्रत्येक वस्तूभोवती हाताने चौकट काढायची, नाव लिहायचं. यंत्र आधी चुकीच्या चौकटी काढतं, खऱ्या चौकटीशी ताडून बघतं, स्वतःचे आतले आकडे थोडे बदलतं, पुन्हा काढतं. असं लाखो वेळा.

रोजच्या वस्तूंचा असा एक प्रसिद्ध संग्रह २०१४ मध्ये आला, त्याचं नाव 'कोको'. तीन लाखांवर फोटो, आणि ८० प्रकारच्या वस्तूंवर चौकटी. बऱ्याच तयार यंत्रांचं पहिलं शिक्षण याच संग्रहावर झालेलं असतं. त्या ८० प्रकारांत माणूस आहे, होडी आहे, पक्षी आहे, जिराफही आहे. मासा नाही.

म्हणजे असं यंत्र जसंच्या तसं आपल्या जेटीवर आणलं, तर ते होडी ओळखेल, खलाशी ओळखेल, वर घिरट्या घालणारा पक्षीही ओळखेल. क्रेटमधल्या बांगड्यासाठी त्याच्याकडे उत्तरच नाही. एकतर ते काही बोलणार नाही, नाहीतर माहीत असलेल्या ८० नावांतलं एखादं चिकटवून देईल. दोष यंत्राचा नाही. त्याला कोणी मासा दाखवलाच नाही.

म्हणून मासळीसाठी वेगळे फोटो, वेगळ्या चौकटी लागतात. आणि तिथे नावं लिहिणारा कोण हा मोठा प्रश्न येतो. एकाने 'इसवण' लिहिलं, दुसऱ्याने 'सुरमई' लिहिलं, तर यंत्राला ते दोन वेगळे मासे वाटणार. ज्याने आयुष्यात पाटी उचलली नाही अशा माणसाने लहान पेडवा आणि तारली यांत गोंधळ केला, तर यंत्र तोच गोंधळ प्रामाणिकपणे शिकणार. वर्षानुवर्षं मासळी निवडणाऱ्या आपल्या बायका पाटीतला मासा नुसत्या स्पर्शाने सांगतात. अशा यंत्राचं खरं भांडवल ते ज्ञान आहे. ते कोणी फुकट मागत असेल तर त्याची किंमत आपल्याला ठाऊक असायला हवी.

५. चौकट बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं?

यंत्राने काढलेली चौकट खऱ्या चौकटीवर तंतोतंत कधीच बसत नाही. मग पास कधी म्हणायचं? त्यासाठी एक सोपा भागाकार आहे. दोन्ही चौकटी जिथे एकमेकींवर येतात ते क्षेत्र घ्या. त्याला दोन्हींनी मिळून व्यापलेल्या एकूण क्षेत्राने भागा.

उदाहरण. खरी चौकट ४०० रुंद, १०० उंच. क्षेत्र ४०,०००. यंत्राची चौकट तेवढीच, पण १०० ठिपके उजवीकडे सरकलेली. मग एकमेकींवर आलेला भाग ३०० × १०० = ३०,०००. दोन्ही मिळून व्यापलेला भाग ४०,००० + ४०,००० − ३०,००० = ५०,०००. भागाकार ३०,००० ÷ ५०,००० = ०.६.

पुष्कळ ठिकाणी ०.५ च्या वर गेलं की "सापडला" असं धरतात. म्हणजे ही चौकट पास. पण बघा, माशाचा चौथा हिस्सा चौकटीच्या बाहेर राहिला आहे. मोजणीसाठी हे चालेल. लांबी मोजायला मुळीच चालणार नाही.

६. लांबीचा घोळ

हा भाग सगळ्यांनी नीट वाचा, कारण इथे खिशाचा प्रश्न आहे.

लहान मासा धरू नये म्हणून किमान लांबी ठरवायची पद्धत आपल्या किनाऱ्यावर आली आहे. केरळने बांगड्यासाठी १४ सेंटीमीटर आणि तारलीसाठी १० सेंटीमीटर ठरवली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. कल्पना चांगलीच आहे, पिल्लू आज धरलं तर पुढच्या वर्षी जाळं रिकामं. पण ही लांबी उद्या कोणी फोटोवरून मोजायला लागलं तर?

समजा बांगडा क्रेटमध्ये तिरका पडलाय. यंत्राची चौकट मात्र नेहमी सरळच असते. ती निघाली १२ सेंटीमीटर रुंद आणि ९ सेंटीमीटर उंच. कोणी चौकटीची मोठी बाजू म्हणजे माशाची लांबी धरली तर उत्तर १२. मासा लहान, दंड लागू! पण मासा चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पडलेला आहे. १२ × १२ = १४४, ९ × ९ = ८१, बेरीज २२५, आणि १५ × १५ = २२५. म्हणजे माशाची जाडी क्षणभर बाजूला ठेवली तर त्याची खरी लांबी साधारण १५ सेंटीमीटर. मासा कायद्यात बसतो, चौकट बसत नाही.

आता उलटी चूक. कॅमेरा क्रेटच्या तळापासून १०० सेंटीमीटर वर टांगलाय आणि माप त्या तळाच्या हिशेबाने लावलंय. मासळीचा ढीग २० सेंटीमीटर उंच. वरचा मासा कॅमेऱ्यापासून ८० सेंटीमीटरवर आला. जवळची वस्तू मोठी दिसते: १०० ÷ ८० = १.२५ पट. १२ सेंटीमीटरचा बांगडा १५ चा दिसणार. इथे पिल्लू सुटलं.

म्हणून नियम साधा. फोटोवरून लांबी मोजायची असेल तर मासा एकेकटा, सपाट फळीवर, शेजारी त्याच पातळीवर पट्टी ठेवलेली. ढिगाच्या फोटोवरून कोणी लांबी सांगत असेल तर मान्य करू नका. पट्टी आणा, समोर मोजा.

७. एकाच माशाच्या पाच चौकटी

यंत्र एकाच बांगड्याभोवती पाच-सहा चौकटी काढतं, थोड्या इकडे, थोड्या तिकडे. प्रत्येकीला ते आपला भरवसाही लावतं: ही ९२ टक्के, ही ८५, ही ७०. मग छाटणी होते. सर्वात जास्त भरवशाची चौकट ठेवायची, आणि तिच्यावर फार चढलेल्या बाकीच्या टाकून द्यायच्या. एक मासा, एक चौकट.

एकट्या माशाला हे ठीक. पण दोन बांगडे खरोखरच एकावर एक पडले असतील तर? त्यांच्या चौकटीही एकमेकींवर चढणार. यंत्राला वाटतं ही त्याच माशाची दुसरी चौकट, आणि ते खरा मासा छाटून टाकतं. म्हणून ढिगात मोजणी बहुतेक वेळा कमी भरते. वरून न दिसणारे खालचे थर तर कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाहीत. मोजणीवर पैसे ठरणार असतील तर हा तोटा कोणाच्या खिशातून जातो ते सांगायला नको. वजनकाटा अजून तरी कॅमेऱ्यापेक्षा इमानदार आहे.

८. "आमचं यंत्र ९० टक्के बरोबर" म्हणजे काय?

असं कोणी म्हणालं की लगेच विचारा, कोणते ९० टक्के? कारण चूक दोन प्रकारची असते.

क्रेटमध्ये वर २० बांगडे दिसताहेत. यंत्राने 'बांगडा' म्हणून १६ चौकटी काढल्या. त्यातले १२ खरे बांगडे, ३ तारल्या आणि १ खलाशाचं बोट.

पहिला आकडा: सांगितलेल्यांतले खरे किती? १२ ÷ १६, म्हणजे ७५ टक्के. याला अचूकता म्हणू.
दुसरा आकडा: असलेल्यांतले सापडले किती? १२ ÷ २०, म्हणजे ६० टक्के. याला पकड म्हणू.

आता यंत्राला सांगितलं, "पुरेपूर खात्री असेल तरच बोल." ते ९ चौकटी काढतं, नऊही बरोबर. अचूकता १०० टक्के, पण पकड ९ ÷ २०, फक्त ४५ टक्के. उलट सांगितलं, "थोडी शंका आली तरी बोल." ते ३० चौकटी काढतं, त्यातल्या १८ बरोबर. पकड ९० टक्के, अचूकता ६०. यंत्र तेच, क्रेट तोच. तिन्ही वेळा हवा तो आकडा पुढे करून छान जाहिरात करता येते.

मग कोणता आकडा महत्त्वाचा? कामावर अवलंबून आहे. जाळ्यात कासव आलं का हे बघायचं असेल तर पकड जास्त हवी. दहा वेळा उगाच "कासव" ओरडलं तर आपण बघून पुढे जाऊ, पण एक खरं कासव सुटता कामा नये. दंड लावायचा असेल तर अचूकता आधी हवी. निरपराध तांडेलाला दंड बसण्यापेक्षा चार चुका सुटलेल्या बऱ्या. कोणती चूक चालेल हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. तो निर्णय आपल्या पाठीमागे होऊ नये.

९. पॅसिफिकमधल्या बोटींची गोष्ट

हे सगळं खरोखर घडलेल्या एका उदाहरणात बघू. २०१६ च्या शेवटी 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेने 'कॅगल' या स्पर्धांच्या मंचावर एक स्पर्धा लावली. बक्षिसं एकूण दीड लाख डॉलर. विषय होता ट्यूनाच्या बोटी. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधल्या या बोटींवर डेकवर कॅमेरे बसवले होते. तासन् तास चालणारं ते चित्रण माणसाने बसून बघायचं म्हणजे डोळे फुटायची वेळ. म्हणून यंत्राने फोटो बघून सांगायचं, कोणता मासा चढला.

शिकण्यासाठी ३,७७७ फोटो दिले होते, आठ गटांत. अल्बाकोर ट्यूना १,७१९, यलोफिन ट्यूना ७३४, बिगआय ट्यूना २००, माहीमाही ११७, मोरी १७६, ओपा नावाचा मासा ६७, इतर मासे २९९, आणि मासाच नाही असे ४६५.

हे आकडे बघूनच पहिली अडचण कळते. अल्बाकोर १,७१९, ओपा फक्त ६७. एखादं यंत्र डोळे मिटून प्रत्येक फोटोला "अल्बाकोर" म्हणालं, तरी ३,७७७ पैकी १,७१९ वेळा, म्हणजे सुमारे ४५ टक्के बरोबर येणार. काही न शिकता! दुर्मीळ मासा ओळखणं हेच खरं काम, आणि त्याचीच उदाहरणं सर्वात कमी.

दुसरी अडचण जास्त गंमतशीर. फोटो मोजक्याच बोटींवरचे होते. कॅमेरा एका जागी घट्ट, त्यामुळे प्रत्येक बोटीचे फोटो जवळजवळ सारखे. तोच डेक, तीच पेटी, तोच दोर. आणि फोटोच्या मानाने मासा लहानसा, एका कोपऱ्यात. पूर्ण फोटोला एकच नाव द्यायला शिकलेली यंत्रं बोटच पाठ करून बसली. "हा निळा डेक दिसला की अल्बाकोर." घरच्या परीक्षेत त्यांना भरघोस मार्क, कारण तिथेही त्याच बोटी होत्या.

स्पर्धेच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या फोटोंत आधी न दिसलेल्या बोटी आल्या, आणि अनेकांचे मार्क धडाधड कोसळले. मासे तेच होते, डेक बदलला होता.

ज्यांनी विचार करून काम केलं त्यांनी काय केलं? आधी मासा कुठे आहे ते शोधायचं, त्याभोवती चौकट काढायची, तेवढाच तुकडा कापून घ्यायचा आणि मग त्या तुकड्याला नाव विचारायचं. डेक, दोर, पेटी सगळं बाहेर. म्हणजे पहिल्या भागातला दुसरा प्रश्न, "कुठे आहे?", आधी सोडवला. शिवाय स्वतःला तपासताना काही बोटी पूर्णपणे बाजूला ठेवायच्या, शिकताना त्यांचा एकही फोटो वापरायचा नाही. तरच खरी परीक्षा होते.

आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. ट्रॉलरवर शिकलेलं यंत्र रापणीच्या किनाऱ्यावर चालेलच असं नाही. दुसऱ्या बंदरावर पास झालेलं यंत्र आपल्या जेटीच्या उजेडात, आपल्या क्रेटच्या रंगात पुन्हा तपासलं पाहिजे. दुसऱ्या गावचं प्रमाणपत्र इथे चालत नाही.

१०. कोणी कॅमेरा घेऊन आलं तर विचारायचे प्रश्न

कॅमेऱ्याला विरोध करायचं कारण नाही. चांगली नोंद राहिली तर आपलाच फायदा. आपण कासव सोडलं, आपण लहान मासा धरला नाही, याचा पुरावाही तोच कॅमेरा देऊ शकतो. पण सही करण्याआधी एवढं विचारा:

• यंत्र कोणत्या फोटोंवर शिकलं? त्यात आपल्या किनाऱ्यावरची मासळी किती?
• चौकटी काढताना माशांची नावं कोणी लिहिली? मासळी ओळखणारं कोणी होतं का?
• न पाहिलेल्या बोटींवर तपासलं का? तिथली अचूकता किती आणि पकड किती, दोन्ही सांगा.
• ढिगात मोजता की एकेक मासा फळीवर? लांबी मोजत असाल तर पट्टी कुठे?
• यंत्र चुकलं तर दाद कोणाकडे मागायची? फोटो आम्हाला बघायला मिळतील का?
• कॅमेऱ्यात खलाशांचे चेहरेही येतात. ते फोटो कोण ठेवणार, किती दिवस?

शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. योलो करणाऱ्या जोसेफ रेडमन यांनीच २०२० मध्ये जाहीर केलं की या विषयावरचं संशोधन आपण थांबवलं, कारण त्याचा लष्करी वापर आणि माणसांच्या खासगीपणावर होणारा परिणाम त्यांना दुर्लक्ष करण्यासारखा वाटेना. ज्याने हत्यार घडवलं तोच असं म्हणतो, तेव्हा आपणही विचारलेलं बरं.

आता गृहपाठ

मोबाइलमधला क्रेटचा एक जुना फोटो घ्या. घरातल्या दोघांनी वेगवेगळं बसून त्यातले दिसणारे मासे मोजा आणि प्रत्येकाचं नाव लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. अर्धा दबलेला मासा एकाने धरला, दुसऱ्याने सोडला, असं किती ठिकाणी झालं? दोन अनुभवी माणसांचंही तंतोतंत जुळणार नाही. यंत्र यातल्याच एका कागदावरून शिकणार आहे. कोणत्या कागदावरून, हा प्रश्न आपण विचारायला शिकलो, तर बंदीतली ही शाळा सत्कारणी लागली.

जाळी नीट शिवा, तब्येती सांभाळा. ऑगस्टमध्ये दर्यावर भेटूच.